लहान मेंदूचा अंदाज

सिरोंच्याहून प्राणहिता ओलांडली की तेलंगण लागते आणि 'मेंदू'चा 'मेदडु' होतो. खरे तर नदी ओलांडण्याचेही कारण नाही. सिरोंचा तालुक्यातल्या कितीतरी घरांत चुलीपाशी तेलुगू चालते आणि शाळेत मराठी. एकच मूल सकाळी मेदडु आणि दुपारी मेंदू म्हणत असावे. दोन शब्द इतके शेजारी आणि दोन भाषांची कुळे इतकी वेगळी, की शब्दांच्या मागे लागणाऱ्याला इथे थांबावेच लागते. मला शोधायचा आहे तो लहान मेंदू, पाठ्यपुस्तकातला अनुमस्तिष्क. पण धाकट्याचे गोत्र सांगायचे तर आधी थोरल्याचे विचारायला हवे.

'मेंदू'साठी हाताशी असलेले उत्तर म्हणजे संस्कृत 'मेदस्', चरबी. पदार्थ मऊ, पांढुरका, स्निग्ध, अर्थ जुळतो. मधल्या अनुस्वाराचीही फारशी अडचण नाही. 'उच्च'चे उंच झाले, 'पक्ष'चा पंख झाला, 'वक्र'वरून आलेल्या 'वाकडा'चे जुने लेखन 'वांकडा' असे होते. मराठीला असा आगंतुक अनुनासिक आवडतो. अडचण आहे ती 'द'ची. दोन स्वरांच्या कात्रीत सापडलेला एकटा द महाराष्ट्री प्राकृतात तग धरत नाही. 'हृदय' हिअअ होते आणि आपल्यापर्यंत 'हिय्या' होऊन पोहोचते, 'पाद'चा पाय होतो, 'मदन'चे मयण आणि पुढे मेण होते. 'मेदस्' लोकांच्या तोंडून याच वाटेने आला असता तर त्याच्या पोटातला द कुठेतरी गळून पडायला हवा होता. 'मेंदू'त तो ठणठणीत आहे.

यावर एक तोड इथल्याच जंगलात मिळते. उन्हाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांतून ज्या पानाचे पुडे बांधले जातात ते तेंदूचे पान. 'तेंदू' आला 'तिन्दुक' वरून, आणि तिथे द टिकला, कारण त्याच्या पाठीशी मुळातच न् उभा होता. म्हणजे 'मेंदू'तला अनुनासिक फार जुना असेल, 'मेन्दुक' असे एखादे रूप बोलीत वावरत असेल, तर द वाचण्याचे कारण सापडते. असे रूप मानावे लागेल. नाहीतर दक्षिणेकडे पाहावे लागेल. तेलुगूत मेदडु, कानडीत मेदुळु किंवा मिदुळु. कानडीत 'मेदु' म्हणजे मऊ. आपण हॉटेलात मागवतो त्या मेदूवड्यातला मेदू हाच. मेदुळु म्हणजे 'मऊसा तो' असे म्हणण्याचा मोह होतो, पण द्राविड भाषांच्या अभ्यासकांनी मेंदूवाचक आणि मृदुवाचक शब्दांची घरटी वेगळी ठेवली आहेत, तेव्हा तो मोह आवरावा. मला स्वतःला असे दिसते की 'मेंदू'ला अर्थाचा आधार मेदस्‌ने दिला असावा आणि रूप घडताना दक्षिणेचा हात लागला असावा. जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा होण्यापूर्वीच्या त्या अवाढव्य मुलखात, असा हात लागणे अगदी स्वाभाविक होते. भामरागड-एटापल्लीची माडिया आणि एकूण गोंडी ही तेलुगूच्या जवळच्या नात्यातली. जिवती-राजुऱ्याकडची कोलामी द्राविड कुळाच्या मधल्या शाखेतली. आणि वैनगंगेच्या खोऱ्यात झाडीबोली. इतक्या बोली एका आठवडी बाजारात भेटत असतील तर शब्दाला एकच बाप असलाच पाहिजे हा हट्ट धरता येत नाही.

मेंदूला मराठीत आणखी तीन पर्याय आहेत आणि प्रत्येकाचे घर वेगळे. 'भेजा' खाटकाच्या दुकानात, 'मगज' दरबारातून आलेला, 'मस्तिष्क' पुस्तकात. यांतला 'मगज' फारसी 'मग़्ज़' आहे. मूळ अर्थ गर, गाभा. म्हणून सोललेल्या खरबुजाच्या बियाही मगज आणि डोके शिणवणारे काम ही मगजमारी. राजुरा बराच काळ निजामी अमलात होता, तिथल्या दख्खनी बोलीत मगज आजही जिभेवर असतो. आता या परक्या वाटणाऱ्या शब्दाच्या पलीकडे जरा पाहावे. अवेस्तेत तोच 'मज़्ग' आहे, रशियनमध्ये 'मोज़्ग' म्हणजे मेंदू, आणि संस्कृतात 'मज्जन्', आपली मज्जा. कवटीतला मगज आणि हाडातली मज्जा ही सख्खी भावंडे आहेत. एक इराणात वाढले, एक इकडे. पाठ्यपुस्तकवाल्यांनी 'मज्जारज्जू' हा शब्द घडवला तेव्हा या जुन्या नात्याला पुन्हा उजाळा मिळाला.

'मस्तिष्क' मात्र थेट वैदिक आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात रोग्याच्या एकेका अवयवातून यक्ष्मा उपटून काढणारे एक सूक्त आहे, त्यात तो येतो. अथर्ववेदात माणूस कोणी घडवला असे विचारणारे सूक्त आहे. तिथे मस्तिष्क, ललाट, ककाटिका, कपाल अशी नावे एका ओळीत येतात. यातली 'ककाटिका' मला फार महत्त्वाची वाटते. ती डोक्याचा मागचा भाग असावी. पुढे सुश्रुताच्या शारीरस्थानात मर्मांची यादी आहे, तिथे डोके आणि मान जिथे जुळतात त्या सांध्यावर 'कृकाटिका' नावाची दोन मर्मे सांगितली आहेत. तिथे मार लागला तर काय होते? 'चलमूर्धता', डोके स्थिर न राहणे, डुलत राहणे. लहान मेंदू नेमका त्या जागेच्या वर, कवटीच्या मागच्या तळाशी असतो, आणि त्याच्या मधल्या भागाला इजा झाली तर डोके आणि धड डुलू लागते हे आजचा कोणताही मेंदूतज्ज्ञ सांगेल. सुश्रुताला लहान मेंदू ठाऊक होता असे यावरून म्हणू नये. त्याने सांधा पाहिला, मार पाहिला, परिणाम पाहिला आणि परिणामाला नाव दिले. अवयवाला नाव नाही, पण त्याच्या बिघाडाला नेमके नाव आहे, ही गोष्ट मला पुढे पुन्हापुन्हा दिसत गेली.

आता लॅटिन बाजू. मोठ्या मेंदूला तिथे 'सेरेब्रम', लहान्याला 'सेरेबेलम'. सेरेब्रमचे मूळ आपल्या 'शिरस्'शी एक आहे. त्याच मुळापासून फारसी 'सर', संस्कृत 'शृंग' आणि इंग्रजी 'हॉर्न' निघाले. सरदार, सरपंच, सरहद्द या शब्दांतला सर आणि डॉक्टरांच्या तोंडचा सेरेब्रम एका आजोबांचे नातू आहेत. सेरेबेलम हे त्याचे लघुत्वदर्शक रूप, 'मेंदुकला' म्हणावे तसे. गंमत अशी की जुन्या रोमन स्वयंपाकात सेरेबेलम म्हणजे ताटात वाढायचा भेजा. लोकांच्या जिभेवर हे लाडके रूपच रुळले आणि त्यातून इटालियन 'चेर्वेल्लो' आणि फ्रेंच 'सेर्व्हो' निघाले, ज्यांचा अर्थ आज अख्खा मेंदू असा आहे! धाकट्याच्या नावाने थोरल्याचे घर चालू लागले. मग खऱ्या धाकट्याला नाव उरले नाही, म्हणून इटालियनांनी त्यावर पुन्हा एक लघुत्वाचा प्रत्यय चढवून 'चेर्वेल्लेत्तो' केले आणि फ्रेंचांनी 'सेर्व्हले'. जर्मनांनी सरळ 'क्लाइनहिर्न', लहान मेंदू. मराठीचा लहान मेंदू हा या जर्मन वळणाचा, पण उसना नसावा. डोळ्यांना जे दिसते तेच दोघांनी सांगितले.

डोळ्यांना लहान दिसतो खरा. एकूण मेंदूच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाचा. पण २००९ साली ब्राझीलच्या संशोधकांनी मानवी मेंदूतल्या चेतापेशी मोजल्या तेव्हा एकूण सुमारे ८,६०० कोटींपैकी ६,९०० कोटी या लहान्यातच निघाल्या. पाचातले चार हिस्से. यापुढे 'लहान' हे विशेषण फक्त आकारापुरते घ्यावे.

'अनुमस्तिष्क' घडवणाऱ्याने 'लहान' टाळले आणि 'अनु' घेतला. काही मराठी ग्रंथांत 'निमस्तिष्क'ही आढळते. तिथे 'नि' म्हणजे खाली. 'अनु' म्हणजे मागून, पाठोपाठ: अनुज, अनुचर, अनुयायी. जागा मागे आहे म्हणून अनु, आणि थोरल्याच्या तुलनेत धाकटा म्हणूनही अनु. घडवणाऱ्याच्या मनात एवढेच असावे. ग्रीकांनीही त्याला 'पारेन्केफालिस', मेंदूशेजारचा, म्हटले होते. पण उपसर्ग एकदा शब्दाला चिकटला की तो आपले सगळे अर्थ बरोबर घेऊन येतो. अनुक्रम आणि अनुमान हे दोन शब्द एकापुढे एक ठेवून पाहावेत. स्नायूंनी कोणी आधी, कोणी नंतर आकसायचे हा अनुक्रम लहान मेंदू लावतो. तो बिघडला की डॉक्टर 'अटॅक्सिया' म्हणतात. 'टॅक्सिस' म्हणजे रांग, सैन्याची मांडणी, आणि 'अ' नकाराचा. शब्दशः अक्रम. फ्रान्समधल्या फ्लुरांस याने १८२४ साली कबुतरांचा लहान मेंदू थोडाथोडा काढून पाहिला. कबुतरे लुळी पडली नाहीत, पंख हलत होते, पाय हलत होते, पण उडणे आणि चालणे यांची जुळणी मोडली. बळ शिल्लक होते, क्रम गेला होता. लहान मेंदूविषयी यापेक्षा महत्त्वाचे एक वाक्य सांगा म्हटले तर मला सांगता येणार नाही.

राहिले अनुमान. इथे मला आणखी एक शब्द आणायचा आहे, जो अनुमानापेक्षा मराठीत शंभरपट जास्त बोलला जातो: अंदाज.

'अंदाज' फारसी आहे. 'अंदाख़्तन' म्हणजे फेकणे, त्याचे 'अंदाज़' हे धातुरूप. तीर फेकणारा तो तीरंदाज, तोफेचा गोळा टाकणारा तो गोलंदाज. पेशव्यांच्या फौजेतला गोलंदाज हा शब्द क्रिकेटच्या मैदानावर आला तेव्हा त्याने फक्त गोळा बदलला. बंदूकवाला बरकंदाज, वीज फेकणारा. आता फेकण्यापासून 'सुमारे किती' या अर्थापर्यंत हा शब्द कसा पोहोचला? नेम धरण्याच्या वाटेने असावे. फेकायचे तर आधी अंतर, वजन, जोर यांचा मनात मेळ बसवावा लागतो, आणि तो मेळ फेकण्याआधी बसतो. फेकल्यानंतर दुरुस्तीला वाव नसतो. ही वाट फारसीची एकटीची नाही. इंग्रजी 'कंजेक्चर' म्हणजे तर्क. त्याच्या पोटात लॅटिन 'याकेरे', फेकणे. आणि आपण म्हणतो, 'जरा खडा टाकून पाहिला.' तीन भाषांनी तर्काला फेकण्याच्या क्रियेत शोधावे हा नुसता योगायोग मला वाटत नाही. शरीर ज्या कामात आधी हिशेब करते ते काम माणसाने मनाच्या हिशेबालाही नाव म्हणून दिले असे दिसते. 'अजमास' हाही फारसी 'आज़माइश'चाच अवतार असावा. तिथे पारखण्याचा अर्थ आहे.

लहान मेंदू बिघडलेल्या माणसाला डॉक्टर सांगतात: माझ्या बोटाला हात लाव, मग आपल्या नाकाला लाव. बोट निघते, पण नाकाच्या पुढे जाते, किंवा अलीकडेच थांबते, आणि जवळ येता येता थरथर वाढते. याला 'डिसमेट्रिया' म्हणतात. ग्रीक 'डिस' म्हणजे आपला 'दुस्', आणि 'मेट्रॉन' हा आपल्या 'मात्रा', 'मान', 'मिती' यांच्या कुळातला. दुर्मिती म्हणता आले असते. पण वैनगंगेकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याला हा रुग्ण दाखवा, तो पारिभाषिक शब्द शोधत बसणार नाही. त्याच्या दृष्टीने याचा अंदाज चुकतो. आणि तो अक्षरशः बरोबर असेल, त्या शब्दाच्या फारसी मुळापर्यंत बरोबर. अलीकडचे शास्त्रज्ञ लहान मेंदूकडे आधीच उत्तर मांडणारा अवयव म्हणून पाहतात: हात हलवण्याची आज्ञा निघाली की हात कुठे पोहोचेल, त्वचेला काय जाणवेल याचे चित्र तो आधीच तयार करतो आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहतो. स्वतःला स्वतः गुदगुल्या करता येत नाहीत, त्यात याच आगाऊ अंदाजाचा हात आहे असे प्रयोगांवरून दिसते. बांबूच्या गाठीवर बरोबर पडणारी कुऱ्हाड, न बघता तेंदूच्या पुड्याला गाठ मारणारी बोटे, रेला नाचताना हातांत हात गुंफलेल्या सगळ्या रांगेचे एकाच वेळी पडणारे पाऊल: प्रत्येक ठिकाणी अंदाज कृतीच्या आधी पोहोचलेला असतो.

चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत लहान मेंदूला दुखावणाऱ्या तीन गोष्टी ओळखीच्या आहेत: ऊन, हिवताप, दारू. तिन्ही शब्द चर्चेला योग्य.

'ऊन' 'उष्ण'वरून आले. उष्ण, उण्ह, ऊन. शेवटचा ह प्रथमेत लपतो आणि विभक्तीत बाहेर येतो: ऊन, पण उन्हात. चंद्रपूर हे देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांपैकी एक. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांच्या पुढे जाणे तिथे नवलाचे नाही. सरकारी पत्रकात 'उष्माघात', गावात 'ऊन लागलं'. आघातात एक फटका आहे, लागण्यात चिकटणे आहे: भूक लागते, नजर लागते, वेड लागते, तसे ऊन लागते आणि लागून राहते. वैद्यकाचा अनुभव दुसऱ्या शब्दाच्या बाजूचा आहे. लहान मेंदूतल्या पुर्किन्ये पेशी उष्णतेला विलक्षण हळव्या असतात. तीव्र उष्माघातातून माणूस वाचला, ताप उतरला, शुद्ध आली, तरी काहींची चाल डगमगती आणि बोलणे जड राहून जाते, कधी कायमचे. ऊन लागलेले राहते. या पेशींना ज्याचे नाव मिळाले तो चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये. त्याने त्या १८३७ साली दाखवल्या. त्याच्या आधी त्याने माणसाला चक्कर कशी येते याचाच अभ्यास केला होता, हे वाचल्यापासून तो मला फार जवळचा वाटतो. चक्कर म्हणजे चक्र, 'भोवळ' ही 'भ्रम्'च्या वंशातली, भोवऱ्याची बहीण, 'घेरी' घेरण्यातली, आणि लॅटिन 'व्हर्टिगो' ज्या धातूपासून आला तो आपल्या 'वृत्', 'वर्तुळ' यांचा सगा. चारही शब्दांत एकच गोष्ट, जग गोल फिरते आहे.

'हिवताप' हा शब्द घडवणाऱ्याचे कौतुक करावे तितके थोडे. 'हिव' हे 'हिम'चे रूप, 'ताप' हा 'तप्'मधून. थंडी आणि आग एका समासात शेजारी बसवून त्याने रोगाचा संपूर्ण अनुक्रम सांगितला, आधी हुडहुडी, मग फणफण. 'मलेरिया'त मात्र इटालियनांची 'वाईट हवा' आहे, म्हणजे कारणाची चुकलेली अटकळ. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हिवतापाचा जो घातक प्रकार आढळतो, फाल्सिपारम, त्याचा एक परिणाम विशेषतः भारत आणि श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी नोंदवला आहे: ताप जाऊन काही दिवस लोटतात, रक्तात जंतू उरत नाहीत, आणि माणूस अचानक लटपटू लागतो, चालताना पाय फाकवतो. लहान मेंदूवर उशिरा आलेली ही छाया बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. याच भागात लाखोडीच्या डाळीमुळे पाय आखडून येणारा पांगळेपणाही जुना आहे, पण तो मज्जारज्जूच्या वाटांचा रोग. तिथे पाय ताठरतो, कात्रीसारखा आडवा पडतो. लटपटणे आणि आखडणे यांतला फरक बोलीने शब्दांतच राखला आहे.

आणि दारू. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ अजून श्वास घेतो. हा शब्द झाडवाचक 'दार' याच्याशी, म्हणजे संस्कृत 'दारु', देवदारु यातल्या लाकडाशी, बांधलेला असावा असे एक मत आहे. झाडपाल्याचे ते औषध. हे मत इथल्या जंगलात तरी पटण्यासारखे वाटते, कारण इथली दारू झाडाचीच, मोहाची. 'मोह' हे झाडाचे नाव 'मधूक'वरून, महुअ, मोह, मुळाशी 'मधु'. आणि भुरळ घालणारा 'मोह' 'मुह्' धातूचा. दोन्ही शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत, वेगवेगळ्या वाटांनी येऊन एका उच्चारात भेटले. 'मधु'चे युरोपातले भाऊबंदही मद्याकडेच झुकले: इंग्रजीत 'मीड', ग्रीकमध्ये 'मेथू', मद्य. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी लाकडापासून मिळणाऱ्या मद्यार्काला नाव देताना हा मेथू आणि 'हुले', लाकूड, जोडला. त्यातून 'मिथिल' निघाला. विषारी दारूच्या बातम्यांत येणाऱ्या मिथिल अल्कोहोलमध्ये आमचा मधूक अशा आडवाटेने बसलेला आहे.

मोहफुले पहाटे वेचायची, वाळवायची, तोलून विकायची किंवा भट्टीला लावायची. 'तोल' दोन्हीकडे आहे, तागडीत आणि पिणाऱ्याच्या पायांत. 'तुल्' धातू, तुला, तूळ, तोळा. लॅटिनमध्ये त्याचे नातलग उचलणे आणि सोसणे या अर्थाचे. तोल जाणे म्हणजे स्वतःला उचलून धरता न येणे. गडचिरोलीच्या बायकांनी आणि कार्यकर्त्यांनी आंदोलन करून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आणवली, तेव्हा त्यांनी काय पाहिले होते ते 'झ'च्या शब्दांत साठलेले आहे: झिंग, झोक, झोकांडी, झुलणे. हा झ देशी दिसतो. संस्कृतात त्याने सुरू होणारे शब्द थोडे आणि तेही बरेचसे बोलीतून चढलेले वाटतात. दारू थोडा वेळ लहान मेंदूचे काम बिघडवते, तेव्हा झोक जातो. वर्षानुवर्षे पीत राहिले तर त्याचा वरचा मधला भागच झिजतो, आणि मग न प्यायलेल्या दिवशीही चाल झिंगलेलीच राहते. त्या माणसाला गाव 'पिऊन आला' म्हणते, आणि तो प्यायलेला नसतो. इथे भाषेने माणसावर अन्याय केलेला मला दिसतो आणि त्याचे वाईट वाटते.

'झ'चाच आणखी एक शब्द म्हणजे झाड, ज्यावरून हा सगळा मुलूख झाडी म्हणवतो. लहान मेंदू मधोमध उभा कापला तर आतला पांढरा भाग शाखा-उपशाखांनी पसरलेल्या वृक्षासारखा दिसतो. शरीररचनाकारांनी त्याला 'आर्बर व्हिटे', जीवनवृक्ष, म्हटले. पुर्किन्ये पेशीचा विस्तारही झाडाचाच, फक्त चपटा, आणि तिच्या फांद्यांना बिलगत वर चढणारा एक तंतू असतो, प्रत्येक पेशीला बहुतेक एकच, त्याला 'चढता तंतू' म्हणतात. आडवे येणारे समांतर तंतू मात्र लाखावर. चढत्या तंतूतून चुकीची खबर येते आणि आडव्या तंतूंची जोडणी त्यानुसार हळूहळू बदलते, अशी एक प्रबळ उपपत्ती आहे. हात बसतो तो असा. चढता तंतू म्हणजे जणू वेल, आणि वेलीला संस्कृतात 'वल्ली' म्हणतात; ती 'वल्', वळणे, या धातूशी जोडली जाते, आणि त्या धातूने मला शेवटच्या शब्दापाशी आणले.

तो शब्द 'अंगवळणी पडणे'.  एखादी गोष्ट इतकी सरावाची होते की तिचा विचार करावा लागत नाही. तिचे वळण अंगाला पडलेले असते. 'वल्'पासून वळण, वलय, वळी. कातडीवरची सुरकुती ती 'वलि', म्हणून पोटावरची त्रिवली. लहान मेंदूचा पृष्ठभागही अशाच बारीक, जवळजवळ समांतर वळ्यांनी भरलेला असतो, थोरल्यापेक्षा कितीतरी दाट. इतका पृष्ठभाग इतक्या थोड्या जागेत मावतो तो त्यांच्यामुळे. शब्द घडवणाऱ्यांनी या वळ्या पाहिल्या नव्हत्या, त्यांनी अंगाचे वळण पाहिले होते. त्याच धातूचे दुसरे टोक 'हातपाय वळणे' आणि 'बोबडी वळणे' यांत आहे, तिथे अंग ताब्यातून जाते. 'बोबडा' हा ध्वन्यनुकारी असावा. 'बर्बर' आणि ग्रीक 'बार्बरोस' ज्या अडखळत्या ध्वनीतून आले त्याच जातीचा. लहान मेंदूच्या रोग्याचे बोलणेही असेच मोडते, शब्दाची अक्षरे सुटी होतात, प्रत्येकाला वेगळा जोर मिळतो. एकाच धातूने वळण लागणे आणि वळण सुटणे दोन्ही सांगावे, हे कोणत्या क्रमाने झाले असेल? मला असे वाटते की पिळण्याचा अर्थ आधीचा असावा, दोरी वळावी तसा, आणि सवयीचा अर्थ त्यावर नंतर चढला. पिळलेली दोरी सोडली तरी पीळ धरून ठेवते.

पहिल्या महायुद्धात कवटीच्या मागच्या भागात गोळी लागलेल्या सैनिकांना ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ गॉर्डन होम्स तपासत असे. त्याच्या एका रुग्णाने जे सांगितले ते नंतर पुस्तकांतून फार फिरले. त्याचा डावा हात नकळत काम करी, पण उजव्या, दुखावलेल्या बाजूच्या हाताची एकेक हालचाल त्याला विचार करून करावी लागे. उजवा हात म्हणजे अंगवळणी नसलेला हात. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली: हालचालीची दिशा बदलताना, वळताना, आपण पार थांबतो आणि पुन्हा सुरू करण्याआधी विचार करावा लागतो. इंग्रजीत त्याने जो शब्द वापरला तो 'टर्निंग', लॅटिन आणि ग्रीकमधून आलेला, मुळात लेथ या फिरत्या यंत्राचा. मराठीत तो बोलला असता तर एकाच धातूत दोन्ही वाक्ये झाली असती.